आजीची पिशवी किती किलो पेलते? प्राथमिकच्या वर्गात डिझाइन आणि तंत्रज्ञान

कार्यानुभवाचा तास. टेबलावर बाईंनी बनवलेला आकाशकंदील ठेवलेला. बत्तीस मुलं त्याच्याकडे बघून घड्या घालताहेत आणि तासाच्या शेवटी बत्तीस सारखे कंदील दोरीवर टांगले जातात. मीही पुष्कळ वर्षं असंच शिकवलं. मुलांचे हात त्यातून तयार झाले, हे खरं आहे. पण कंदील कुणासाठी करायचा, तो गच्चीवरच्या वाऱ्यात टिकेल का, आतला दिवा कुठून बदलायचा, यातली एकही गोष्ट मुलांना ठरवावी लागली नाही. सगळं मीच ठरवून ठेवलं होतं.

डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवायचं म्हणजे हे ठरवणं मुलांच्या हाती द्यायचं. कुणाची तरी अडचण समजून घ्यायची, तिच्यावर उपाय सुचवायचा, तो हातांनी बनवायचा, वापरून बघायचा, फसला तर बदलायचा. इंग्लंडमध्ये १९९० पासून हा शालेय अभ्यासक्रमातला स्वतंत्र विषय आहे आणि तिथली मुलं तो पहिलीपासून शिकतात. आपल्याकडे या नावाचा विषय नाही, पण त्याचं बीज जुनं आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा गाभा हाच होता की हस्तोद्योग हा शिक्षणाच्या जोडीला ठेवायचा छंद नसून शिकण्याचं माध्यम आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं तर सहावीच्या मुलांबरोबर पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्यांचा खेळ असे विषय घेऊन याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. त्यात मराठी माध्यमाच्या शाळांतली आणि आदिवासी भागातलीही मुलं होती. सहावीच्या आधीही हे जमतं, असा माझा अनुभव आहे. वस्तू तेवढी साधी निवडावी लागते.

इथे मी एकच घटक खोलात सांगणार आहे: तिसरी-चौथीसाठी कागदी पिशवी. इतर इयत्तांसाठी काय घेता येईल, ते शेवटी थोडक्यात.

पिशवीच का?

सामान फुकटात मिळतं. आठवडी बाजारामुळे पिशवी प्रत्येक मुलाच्या ओळखीची असते. आणि मुख्य म्हणजे पिशवी फाटते. ती कुठे फाटली हे मुलाला डोळ्यांनी दिसतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही. तक्त्यावर चिकटवलेलं फूल कधी 'चुकत' नाही, म्हणून ते दुसऱ्यांदा बनवायची गरजही पडत नाही.

वेळ लागतो सहा बैठकांचा, प्रत्येक बैठक दोन तासिका जोडून. शाळेतला उपक्रमांचा आनंददायी शनिवार त्यासाठी उत्तम. दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसत असेल तर गट मिसळून करा, चौथीची मुलं मोजमापात हात देतात. पावसाळ्यात मात्र हा घटक घेऊ नका. दमट हवेत खळ, म्हणजे चिकटवायला शिजवलेली मैद्याची पेज, वाळत नाही आणि ओल्या जोडांवर घेतलेली चाचणी मुलांना चुकीचंच शिकवते. दिवाळीनंतर सुरू केलात तर बाल आनंद मेळाव्यापर्यंत पिशव्या तयार होतात आणि तिथे त्या खरोखर वापरल्याही जातात.

आधी तुम्ही स्वतः बनवा

घरी बसून, मुलांना देणार तेच सामान घेऊन, एक पिशवी करा आणि तिच्यात वजन भरून ती फाडा. अर्ध्या तासात तुम्हाला कळतं की मुलं कुठे अडकणार आहेत. ही पिशवी वर्गात नेऊ नका. नेलीत तर बत्तीस तशाच पिशव्या होतील.

सामान असं: वर्तमानपत्रांची रद्दी, सामानाच्या खोक्यांचा पुठ्ठा, सुतळी, बोथट टोकाच्या कात्र्या, फूटपट्ट्या आणि मैद्याची खळ. अर्धी वाटी मैदा आधी थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग एकूण अडीच वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर सतत ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवा. आठ गटांना पुरते. पतंगवाले आणि बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात घालायचा नाही. आपली खळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेव्हा ताजी करायची.

डावखुऱ्या मुलांकडे आधीच लक्ष द्या. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पात्यांमधे फट पडते आणि कागद कापला न जाता चेंगरतो. अशा मुलाला 'हाताला वळण नाही' म्हणणं हा अन्याय आहे. त्याला कडक घडी घालून, पट्टीच्या कडेनं कागद फाडायला शिकवा. फाडलेली कडही सरळ येते.

पहिली बैठक: वस्तू 'वाचायची'

पिशवीचं नाव काढू नका. घरातल्या चार वस्तू आणा: चुंबळ, रवी, झारा आणि मिळालंच तर शिंकं. प्रत्येकीबद्दल तीन प्रश्न विचारा. ही कुणाची अडचण सोडवते? हिचा आकार असाच का? ही नसती तर काय केलं असतं?

शिंक्यावर मुलं खूप बोलतात. दही उंच का टांगायचं याचं उत्तर मांजर, हे लगेच येतं. मुंग्यांचं मागाहून येतं. मग एखादी मुलगी विचारते की दोऱ्या तीन किंवा चारच का, दोन का नाहीत? तिथेच थांबा. एक वाटी घ्या, सुतळीच्या दोन पदरांवर टांगून बघा, मग तिनांवर. वाटी कलंडताना मुलं बघतात. जुन्या वस्तूंमागे कुणीतरी केलेला विचार असतो, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवतं. 'शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं' ही म्हण इथे आपोआप निघते, तिलाही जागा द्या.

घरी जाताना गृहपाठ द्यायचा: आजी, आई, काका, जो कुणी बाजाराला जातो त्याला विचारायचं की पिशवीत काय काय आणता, सर्वांत जड काय असतं, पिशवीचा त्रास कुठे होतो. उत्तरं त्या माणसाच्याच शब्दांत लिहून आणायची.

दुसरी बैठक: गरज ठरवायची

मुलं उत्तरं आणतात तेव्हा वर्गाचा नूर बदलतो. 'बंद बोटांत रुततात.' 'कोथिंबीर कांद्याखाली चेंगरते.' 'टमाटे फुटले की पिशवी खालून ओली होते.' 'बसमध्ये मांडीवर घेतली की आडवी होते.' ही वाक्यं फळ्यावर जशीच्या तशी लिहा, शुद्ध करू नका.

आता चार-चार मुलांचे गट. प्रत्येक गटानं एक माणूस आणि त्याचा एकच त्रास निवडायचा. सगळे त्रास एकदम सोडवू दिलेत तर मुलं गोंधळतात. गटानं एक वाक्य लिहायचं: 'आमची पिशवी अमक्याच्या आजीसाठी आहे. तिच्यात दोन किलो कांदे मावले पाहिजेत आणि बंद रुतता कामा नये.' हे वाक्य पुठ्ठ्यावर लिहून गटासमोर उभं करून ठेवायचं, शेवटच्या बैठकीपर्यंत. वाद झाले की तुम्ही निवाडा करायचा नाही, त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचं.

गट करताना मुलगे आणि मुली वेगळे बसवू नका. एकत्र गटातही मुली चिकटवणार, मुलगे मोजणार आणि 'डोकं चालवणार', अशी वाटणी नकळत होते. मी प्रत्येक बैठकीला कामं बदलून देते: मोजणारा, कापणारा, चिकटवणारा, नोंद ठेवणारा.

तिसरी बैठक: कागदाशी ओळख

ही बैठक वगळण्याचा मोह होतो. कृपा करून वगळू नका. कागद कसा वागतो हे मुलाला ठाऊक नसेल तर ते 'सुचवणार' कशाच्या जोरावर?

पहिला प्रयोग फाडण्याचा. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडायचं, मग आडवं फाडायचं. बहुतेक पानं उभी सरळ पट्टीसारखी फाटतात, आडवी मात्र वेडीवाकडी. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू जास्त करून एका दिशेला लागतात. तंतूंच्या बाजूनं फाड सरळ धावते, तंतूंना छेद द्यायचा झाला की ती भरकटते. आता दोन सारख्या पट्ट्या घ्या, एक उभी आणि एक आडवी कापलेली, आणि दोन्ही टोकांना धरून ओढा. तंतू लांबीच्या दिशेनं असलेली पट्टी जास्त ताण सोसते. पिशवीचे बंद कोणत्या दिशेनं कापायचे, याचं उत्तर मुलांनी स्वतः शोधलेलं असतं.

दुसरा प्रयोग घडीचा. दोन पुस्तकांमधे वीतभर अंतर ठेवून वर एक सपाट कागद ठेवायचा. खडू ठेवला तरी तो वाकतो. तोच कागद पंख्यासारख्या चुण्या घालून ठेवला की खडूंची पेटी पेलतो. कागद तोच, आकार बदलला. मुलं हे पुन्हा पुन्हा करून बघतात, करू द्या.

तिसरा पीळ. एक पट्टी तशीच ठेवायची, दुसरीला पीळ द्यायचा आणि तीन पट्ट्यांची वेणी घालायची, मग सगळ्या ओढून बघायच्या. वेणी बहुतेक मुलींना येते आणि पुष्कळ मुलग्यांना येत नाही. मुलींनी शिकवावी.

चौथा प्रयोग खोक्याचा. टूथपेस्टचं खोकं जोड सोडवून सपाट पसरायचं. सहा बाजू दिसतात आणि त्यांना लागून असलेल्या अरुंद कडाही दिसतात. या कडा कशासाठी, हे मुलांनीच सांगायचं. चिकटवायला जादा कड सोडावी लागते, ही गोष्ट एकदा खोक्यात दिसली की पिशवी आखताना पुन्हा सांगावी लागत नाही.

चौथी बैठक: आधी चित्र

'पिशवीचं चित्र काढा' म्हटलं की फुलं, मोर आणि 'सुस्वागतम्' येतं. चूक मुलांची नाही. चित्र म्हणजे सुंदर काहीतरी, एवढंच आपण शिकवलेलं असतं. मी खूप प्रकार करून पाहिले, त्यातला एकच हमखास लागू पडला. आधीच सांगायचं: 'तुमचं चित्र बघून दुसरा गट पिशवी बनवणार आहे आणि तुम्हाला बोलायला बंदी आहे.'

आणि तसं खरोखर करायचं. अर्ध्या मापाच्या कागदावर, पंधरा मिनिटं, चित्रं बदलून. दुसऱ्या गटाच्या हातात आपली पिशवी भलतीच होताना बघून मुलं कळवळतात. 'अरे, तळ दुमडायचाय!' 'मग लिहिलं का नाहीस?' त्यानंतर काढलेल्या चित्रांत बाण येतात, मापं येतात, 'इथे दोन घड्या' असं लिहिलेलं येतं, बाजूनं काढलेलं वेगळं चित्र येतं. चित्र म्हणजे न बोलता सांगणं, हे त्यांना उमगलेलं असतं.

मापं आधी वीत आणि बोटांत घेऊ द्या. 'माझ्या वितीनं दोन' आणि 'तुझ्या वितीनं दोन' जुळत नाही हे कळलं की फूटपट्टीची मागणी मुलांकडूनच येते. सेंटिमीटरचा धडा असा गरजेपोटी आला तर तो पक्का बसतो.

चित्राशेजारी सामानाची यादी: किती पानं, किती सुतळी, पुठ्ठ्याचे किती तुकडे. यादीत असेल तेवढंच सामान द्यायचं. कमी पडलं तर यादी दुरुस्त करून पुन्हा मागायचं.

पाचवी बैठक: बनवणं

इथे तुमचं काम कमी बोलण्याचं आहे. मूल चुकीच्या बाजूला खळ लावतंय हे दिसतं आणि हात पुढे जातो. जाऊ देऊ नका. विचारा, 'हे चिकटल्यावर पिशवी उघडेल का?' मूल थांबतं, बघतं आणि उलगडतं.

तीन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायच्याच. खळ पातळ लावायची, कारण जास्त ओलीनं वर्तमानपत्राचा कागद लगदा होतो. घडी नखानं किंवा पट्टीच्या कडेनं दाबून पक्की करायची. भोक खिळ्यानं पाडायचं ते खाली पुठ्ठ्याची जाड गड्डी ठेवून, मांडीवर धरून कधीही नाही. कटर मुलांच्या हाती द्यायचा नाही. जाड पुठ्ठा तुम्ही कापून द्या.

पिशव्या वर्गात दोरीवर रात्रभर वाळू द्या. मुलांना तपासायची घाई असते. 'ओला कागद आणि सुका कागद, दोन्ही ओढून बघ' एवढं म्हटलं की पुरतं.

सहावी बैठक: फाडायचा दिवस

ही माझी सर्वांत आवडती बैठक. पाण्यानं भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हेच वजन, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वजनकाट्याची गरज नाही. पिशवी जमिनीपासून वीतभरच वर उचलायची, म्हणजे बाटली पायावर पडत नाही. एक बाटली, वीसपर्यंत मोजणी, मग दहा पावलं चालायचं. टिकली तर दुसरी बाटली. असंच पुढे.

नोंदीचा तक्ता दोनच रकान्यांचा: किती बाटल्या पेलल्या आणि कुठे फाटली. दुसरा रकाना जास्त मोलाचा. पिशवी साधारणपणे तीन ठिकाणी जाते. बंदाचं भोक फाटत वर सरकतं, तळाचा कोपरा उसवतो, किंवा उभा जोड सुटतो. फाटलेली जागा लाल पेनानं रंगवायची आणि गटानं ठरवायचं की आता काय बदलायचं. बदल एका वेळी एकच. बंदही बदलले आणि तळही बदलला, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. विज्ञानातली ही शिस्त तिसरीतलं मूल सहज पाळतं, फक्त तिचं कारण त्याला दिसलं पाहिजे.

उपाय त्यांचे त्यांना सुचतात. भोकापाशी फाटते तर तोंडाच्या आतून पुठ्ठ्याची पट्टी चिकटवायची, म्हणजे ताण एका भोकावर न येता सगळ्या पट्टीवर पसरतो. तळाला आतून पुठ्ठा बसवायचा. बंद रुततात तर सुतळीवर कागदाची गुंडाळी चढवायची. एका गटानं पिशवीच्या आत वर एक कप्पा केला होता, कोथिंबिरीसाठी. ती दोन बाटल्यांतच फाटली आणि गट हिरमुसला. मी त्यांना त्यांचं वाक्य वाचायला सांगितलं. त्यात वजनाचा उल्लेखच नव्हता, 'कोथिंबीर चेंगरू नये' एवढंच होतं. मग कांदे आणि वर कोथिंबीर घालून पुन्हा चाचणी घेतली. पिशवी सगळ्यात जास्त काय पेलते यापेक्षा तिला जे करायचं होतं ते ती करते का, हे बघायचं असतं. म्हणून या दिवशी पहिला-दुसरा क्रमांक आणि बक्षीस ठेवू नका.

दुरुस्तीसाठी आणखी एक बैठक मिळाली तर नक्की घ्या. सहात बसत नसेल तर सजावटीचा वेळ कापा, दुरुस्तीचा कापू नका.

नोंदी कशा लिहायच्या

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, उपक्रम, कृती आणि प्रकल्प यांना जागा आहेच. पण 'सुबक वस्तू बनवतो', 'आवडीने सहभागी होतो' अशा नोंदी कुठल्याही मुलाला चिकटवता येतात. त्याऐवजी घडलेली गोष्ट लिहा: 'पहिली पिशवी बंदापाशी फाटली, दुसऱ्या वेळी आतून पट्टी लावली.' 'आजीशी बोलून बंदांची लांबी कमी केली.' 'स्वतःची कल्पना सोडून गटातल्या दुसऱ्याची स्वीकारली आणि कारण सांगितलं.' अशा नोंदीतून ते मूल दिसतं. ज्याची पहिली पिशवी फाटली आणि दुसरी सुधारली त्याची प्रगती, पहिल्याच फटक्यात नीटनेटकी पिशवी करून थांबलेल्या मुलापेक्षा मी जास्त मानते.

पालक विचारतात की शाळेत कागद चिकटवून काय मिळणार. त्यांना फाटलेली पहिली पिशवी आणि टिकलेली दुसरी पिशवी शेजारी ठेवून दाखवा आणि फरक मुलालाच सांगू द्या.

इतर इयत्तांसाठी

पहिली-दुसरीला हलणारं चित्र घ्या. पुठ्ठ्याच्या फटीतून वरखाली सरकणारी पट्टी, किंवा एका पिनेभोवती फिरणारा हात. पट्टी खाली ओढली की हात वर का जातो, यातून तरफेची ओळख होते. गोष्ट त्यांच्या ओळखीची हवी: बिळातून डोकावणारा उंदीर चालेल.

चौथीला गाडी. बाटल्यांची झाकणं ही चाकं, खराट्याचा हीर हा आस. मुलं हटकून हीर पुठ्ठ्याला चिकटवतात आणि चाकंही हिराला चिकटवतात, मग गाडी घसरते पण चालत नाही. काहीतरी एक मोकळं फिरलं पाहिजे. रिकाम्या रिफिलचा तुकडा पुठ्ठ्याखाली चिकटवा आणि हीर त्यातून ओवा. हीर रिफिलमध्ये सैल आणि चाकात घट्ट. झाकणाचं भोक मधोमध नसेल तर गाडी उड्या मारत जाते. मध्य शोधायला झाकण कागदावर ठेवून वर्तुळ आखायचं, ते कापून दोनदा दुमडायचं. घड्या जिथे छेदतात तो मध्य. पाचवीत भूमितीची पेटी हातात येण्याआधीच वर्तुळाचा मध्य असा सापडतो.

पाचवीला टॉर्च. दोन पेन्सिल सेल, एक पांढरा एलईडी, पत्र्याच्या पट्टीचं बटण. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे. घरातल्या प्लगशी या कामाचा काही संबंध नाही, हे पहिल्या मिनिटाला सांगायचं आणि मुलांकडून वदवून घ्यायचं. गरज मात्र इथेही माणसाची: रात्री गोठ्यात जाणाऱ्या आजोबांना दोन्ही हात मोकळे हवेत, किंवा भारनियमनात अभ्यास करणाऱ्या ताईला उजेड वहीवर हवा, डोळ्यांवर नको.

पिशव्यांचं शेवटचं काम राहिलं. प्रत्येक गटाची पिशवी ज्या माणसासाठी केली त्याच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी पाठवायची आणि सोबत एक चिठ्ठी: काय आणलं, कुठे अडचण आली, पुढच्या वेळी काय बदलू? माझ्या वर्गात एका आजीनं नातीकडून उलट निरोप लिहून घेतला: 'कांदे आले. बंद चांगले आहेत. पण पिशवीची घडी होऊन कमरेला खोचता आली पाहिजे, जाताना ती रिकामीच असते.' हा निरोप आम्ही फळ्यावर लिहिला आणि त्या गटानं मधल्या सुट्टीतच नवीन कागद मागितला.